दुसरा पंचनामा : शेतावरील जुनें घर पाडण्यापूर्वीं काय पाहावें

उलवें हें नांव आज कोणास सांगितलें तर त्याच्या डोळ्यांपुढें उंच इमारतींच्या रांगा, खारकोपर व बामणडोंगरी हीं रेल्वेस्थानकें आणि पलीकडे विमानतळाची धांवपट्टी एवढेंच उभें राहतें. आमच्या डोळ्यांपुढें मात्र अजून जुनें उलवें आहे. खाडीच्या अंगास खाजणाचे बांध, बांधाच्या पोटाशीं उघाडी, आंत राता भाताचीं खाचरें, वरच्या अंगास गांवठाण, मागें डोंगर, आणि खाडीकडे जाणारी गांवच्याच नांवाची नदी. डोंगर सुरुंग लावून उतरविला गेला, नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि उलवें, तरघर, कोंबडभुजें, गणेशपुरी, कोपर, कोल्ही, चिंचपाडा इत्यादि दहा गांवांतील घरें उठून दुसऱ्या जागीं गेलीं. १८ फेब्रुवारी २०१८ रोजीं विमानतळाची कोनशिला बसली, ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन झालें, व त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरापासून विमानें उडूं लागलीं. हा वृत्तान्त वाचकांस ठाऊक आहे. त्याची उजळणी करण्याचा आमचा हेतु नाहीं. भरपाई पुरेशी मिळाली कीं नाहीं हाही आजचा विषय नव्हे. आजचा विषय त्याहून पुष्कळ लहान आहे, पण ज्याच्या घरावर प्रसंग येतो त्याला तो लहान वाटत नाहीं.

आम्हीं महसूल खात्यांत तीस वर्षांहून अधिक कारकुनी केली, आणि तींतील बराच काळ भूसंपादनाच्या कागदांत गेला. जमीन संपादन होते त्या वेळीं जागेवर जाऊन पंचनामा करावा लागतो. घर पक्कें कीं कच्चें, भिंत विटांची कीं कुडाची, छप्पर कौलांचें कीं पत्र्याचें, विहीर बांधीव कीं कच्ची, आंबे किती, नारळ किती, त्यांतील फळते किती, हें सर्व मोजून लिहावयाचें, पंचांच्या सह्या घ्यावयाच्या, आणि त्यावरून मूल्य ठरावयाचें. अर्थात् हा कागद पैशाच्या दृष्टीनें लिहिलेला असतो. ज्या वस्तूस मोल आहे तिची नोंद होते. जिला मोल नाहीं ती कागदावर येत नाहीं. परंतु शेतघरांत ज्यांना मोल नाहीं अशा वस्तूंतच पुष्कळदां अपाय दडलेला असतो, आणि घर पाडतांना तो बाहेर पडतो.

हें आम्हांस पुस्तकांतून कळलें नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका शेतघराचा पंचनामा आम्हीं आपल्या हातानें लिहिला. घराच्या मागील पडवींत कोपऱ्यास चार-पांच गंजलेले डबे व एक निळा प्लास्टिकचा पिंप होता. डब्यांवरील चिठ्ठ्या कसरीनें खाल्लेल्या. मालकास विचारलें तेव्हां तो म्हणाला, "वडिलांच्या वेळचें भाताचें औषध असेल, भाऊसाहेब." आम्हीं लिहिलें, "टाकाऊ डबे व पिंप, मूल्य नाहीं." पुढें घर पाडावयास आलेल्या मजुरांपैकीं एकानें तो पिंप चांगला मजबूत पाहून आपल्या झोपडीवर नेला, दोन वेळां धुतला, आणि त्यांत पिण्याचें पाणी भरलें. दुसऱ्या दिवशीं त्याच्या बायकोस व दोन मुलांस ओकाऱ्या, घाम आणि डोळ्यांपुढें अंधारी. दवाखान्यांत वेळेवर नेल्यामुळें तीं वांचलीं. कोणींही आम्हांस दोष दिला नाहीं, कारण नियमानें पाहतां आमच्या कागदांत चूक नव्हती. तरी "मूल्य नाहीं" हे आमच्याच अक्षरांतील दोन शब्द आम्हांस आजही दिसतात. तेव्हांपासून आमचें मत असें झालें कीं, सरकारी पंचनामा कसाही होवो, शेतकऱ्यानें स्वतःच्या घराचा आणखी एक पंचनामा स्वतः करावा, व त्यांत केवळ अपाय करणाऱ्या वस्तूंचीच नोंद असावी. सोयरे व स्नेही यांच्या कांहीं घरीं आम्हीं तो करून पाहिला आहे. त्यांतून जें शिकलों तेंच येथें मांडीत आहों.

कोणी म्हणेल, उलव्याचें झालें तें झालें, आतां याचा काय उपयोग? उपयोग असा कीं, पाडापाडी संपलेली नाहीं. १९७० सालीं सिडको स्थापन झाली व नव्या मुंबईसाठीं ९५ गांवांच्या जमिनी धरल्या गेल्या. १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांत पांच शेतकऱ्यांनीं गोळीबारांत प्राण दिले, तेव्हां पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंडाचें तत्त्व मान्य झालें. विमानतळाच्या वेळीं तेंच साडेबावीस टक्क्यांवर गेलें. आणि पुढें विमानतळाच्या प्रभावक्षेत्रांत, ज्यास सर्व लोक नैना म्हणतात, नगररचना योजना आल्या. या योजनांत सर्वांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते-मैदानें काढून, चाळीस टक्के जमीन भूखंडरूपानें मालकांस परत मिळावयाची. आतां हें नीट ध्यानांत घ्या. परत मिळणारा भूखंड तुमच्याच शेतावर पडेल असें नाहीं. तुम्हीं आपल्या गोठ्याखालीं जें गाडलें त्यावर शेजाऱ्याचें घर उभें राहील, आणि शेजाऱ्यानें गाडलें त्यावर तुमचें. याशिवाय ज्यांच्या जमिनीस कोणीं हात लावलेला नाहीं असे शेतकरीही जुनें घर पाडून नवें बांधीत आहेतच.

आमच्या या किनाऱ्यावर पहिली गोष्ट पाहावयाची ती छप्पर. पूर्वीं घरांवर पेंढा असे, नंतर नळे व मंगळुरी कौलें आलीं, आणि त्यानंतर गोठ्यांवर, वखारींवर, पडव्यांवर सिमेंटचे पन्हळी पत्रे आले. त्यास कारणही सबळ होतें. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानें लोखंडी पत्रा थोड्याच वर्षांत चाळणीसारखा होतो. सिमेंटचा पत्रा गंजत नाहीं, जळत नाहीं, आणि स्वस्त. पण हा पत्रा पातळ असूनही मोडत नाहीं तो त्यांतील ॲस्बेस्टॉस नांवाच्या खनिजाच्या तंतूंमुळें. पत्रा अखंड जागेवर असेपर्यंत फारसा त्रास देत नाहीं. तो फोडला, कापला किंवा घांसला म्हणजे डोळ्यांस न दिसणारे तंतु हवेंत उडतात, श्वासाबरोबर फुप्फुसांत जातात आणि तेथेंच राहतात. फुप्फुसें कठीण होऊन दम लागणें, फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग हे रोग यापासून होतात, आणि ते लगेच दिसत नाहींत. वीस, तीस, कधीं चाळीस वर्षांनीं दिसतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानें २७ जानेवारी १९९५ च्या निकालांत ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांस असा हुकूम केला कीं, प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाच्या आरंभापासून ४० वर्षें किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षें, यांपैकीं जें उशिराचें असेल तोंपर्यंत, जपून ठेवावी. कारखान्यांतील कामगारास निदान ही नोंद मिळाली. गोठा पाडणाऱ्या मजुराची नोंद कोण ठेवतो? इंग्लंडनें हा पदार्थ १९९९ सालीं व ऑस्ट्रेलियानें २००३ च्या अखेरीस सर्वस्वीं बंद केला. आपल्याकडे १९८६ पासून त्याच्या नव्या खाणींस परवाने देणें थांबलें, पण बाहेरून आणलेल्या तंतूंपासून पत्रे करणें बंद झालेलें नाहीं.

पाडणारे लोक पत्रा कसा काढतात हें सर्वांनीं पाहिलें असेल. आंकडे गंजलेले असतात, ते सोडवीत बसण्यास वेळ लागतो, आणि भंगारवाल्यास हवें असतें लोखंड. सबब घणानें पत्रा फोडावयाचा, तुकडे खालीं लोटावयाचे, आणि लोखंडी कैच्या मोकळ्या करावयाच्या. आमच्या मेहुण्यांच्या गोठ्याचे पत्रे असेच फुटले. आम्ही स्वतः त्या धुळींत खुर्ची टाकून देखरेख करीत बसलों होतों, आणि मुलें तुकड्यांनीं जमिनीवर रेघोट्या ओढीत होतीं. त्या वेळीं आम्हांस यांतील अक्षर ठाऊक नव्हतें, एवढेंच म्हणतां येईल.

खरी रीत अशी. पत्रे काढण्याचें काम पाडकामाच्या आधीं, अगदीं पहिलें आणि वेगळें करावें. पत्र्यावर कोणीं चढूं नये; जुना पत्रा पायाखालीं अचानक फुटतो व माणूस खालीं येतो, आणि तंतूंनीं वीस वर्षांनीं होईल तें नुकसान त्याच क्षणीं होतें. परांचीवर किंवा फळीवर उभें राहून, पत्रा पाण्यानें भिजवून, आंकड्याची चाकी सोडवावी. सुटत नसेल तर आंकडा कापावा, पत्रा नव्हे. अखंड पत्रा दोन माणसांनीं दोरानें उतरवावा. उतरविलेले पत्रे जाड प्लास्टिकांत गुंडाळून चिकटपट्टी लावावी. तोंडावर बांधलेलें उपरणें हे तंतु अडवीत नाहीं. बारीक कण अडविणारा, चेहऱ्यास घट्ट बसणारा मुखवटा लागतो. कामाचे कपडे घरच्या धुण्यांत टाकूं नयेत. वाळलेली धूळ झाडूं नये. ओल्या फडक्यानें टिपून तें फडकेंही त्याच गठ्ठ्यांत बांधावें. पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे कीं नाहीं हें नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं, म्हणून जुना सिमेंटी पत्रा हा ॲस्बेस्टॉसचाच धरून चालावें. आणि उतरविलेला पत्रा "अजून चांगला आहे" म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यावर घालण्याचा, किंवा तुकडे जोत्यांत भर म्हणून टाकण्याचा मोह आवरावा. हा कचरा साध्या राडारोड्यांत मिसळूं नये. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयास लेखी विचारावें. धोकादायक कचऱ्याच्या विल्हेवाटीचें केंद्र आपल्यापासून दूर नाहीं, तळोज्यासच आहे.

आतां माळ्यावरचे डबे. शेतकऱ्याच्या घरांत औषध उरतें, तें टाकवत नाहीं, आणि पुढील वर्षीं दुसरें येतें. त्यामुळें माळा हें एक लहानसें संग्रहालय होतें. तळाशीं आजोबांच्या वेळची डी. डी. टी. व गॅमेक्सिनची भुकटी, त्यावर एंड्रिनचा डबा, त्यावर वडिलांच्या वेळचें एंडोसल्फान, आणि सर्वांत वर भातावर टाकावयाच्या थिमेटच्या दाण्यांची अर्धी पिशवी. यांतील एकही वस्तु आज शेतींत वापरण्याची नाहीं. डी. डी. टी. शेतीसाठीं १९८९ सालीं बंद झालें, गॅमेक्सिन १९९७ सालीं, एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या १३ मे २०११ च्या हुकुमानें, आणि थिमेट म्हणजे फोरेट २०२० च्या अखेरीस. पण सरकारनें बंद केल्यानें माळ्यावरचा डबा रिकामा होत नाहीं. हें विष किती जलद काम करतें तें यवतमाळ जिल्ह्यानें २०१७ सालीं पाहिलें. फवारणी करणारे वीसहून अधिक लोक तेथें दगावले, आणि तीं औषधें तर दुकानांतून नुकतीच आणलेलीं होतीं.

डबा सांपडला तर उघडून वास घेऊं नये. अनेक जाणतीं माणसें वासावरून औषध ओळखण्याचा डौल मिरवितात; हा डौल त्यांस लखलाभ होवो. डबा उभा ठेवावा, गळत असेल तर मोठ्या प्लास्टिकच्या पिंपांत ठेवून भोंवतीं कोरडी माती किंवा वाळू भरावी, चिठ्ठी असेल तर ती फाडूं नये, नसेल तर "विष" असें मोठ्या अक्षरांत लिहून कुलपांत ठेवावें. विहिरींत, नाल्यांत किंवा खाडींत ओतूं नये. चुलींत किंवा शेकोटींत जाळूं नये. रिकामे डबे व पिंप भंगारवाल्यास देण्यापूर्वीं आमच्या निळ्या पिंपाची गोष्ट आठवावी. रिकामीं भांडीं पुन्हां वापरांत येऊं नयेत अशा रीतीनें फोडून नष्ट करावीं, हें १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही आहे. भरलेल्या डब्यांचें काय करावें याविषयीं तालुका कृषि अधिकाऱ्यांस पत्र द्यावें आणि त्याची पोंच घ्यावी. पोंच घ्यावी हें आम्ही कारकुनाच्या संवयीनें सांगतों. उत्तर येण्यास वेळ लागला तरी तुम्हीं कळविलें होतें याचा पुरावा राहतो. कोणास बाधा झालीच, म्हणजे लाळ, घाम, ओकारी, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या बारीक अशीं लक्षणें दिसलीं, तर ताबडतोब दवाखाना गांठावा व डब्याची चिठ्ठी डॉक्टरांस दाखवावी. अंगावरचे भिजलेले कपडे मात्र आधीं काढून त्वचा साबणानें धुवावी.

येथें एक बारीक गोष्ट आहे, ती पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. पाडकामांत धूळ उडूं नये म्हणून पाणी मारतात, आणि तें योग्यच आहे. परंतु वखारींत उंदरांचें काळें औषध, म्हणजे झिंक फॉस्फाइड, किंवा धान्यांत ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहिल्या असल्या तर पाणी लागतांच त्यांतून फॉस्फीन नांवाचा प्राणघातक वायु सुटतो. तेव्हां आधीं वखार कोरडीच झाडून पाहावी, कणगीचा बूड, खुंट्या, कोनाडे, देवळ्या तपासाव्या, आणि मगच पाण्याची नळी आंत न्यावी. देवळींतही पाहा असें आम्ही मुद्दाम लिहितों. मुलांचा हात पोंचूं नये म्हणून ज्या जागीं घरच्या बाईनें विष ठेवलें, ती जागा तिलाच ठाऊक असते.

औषध कालविण्याची जागा बहुधा विहिरीजवळ असते, कारण पाणी तेथेंच. वर्षानुवर्षें तेथें सांडलेलें मातींत मुरतें. डी. डी. टी. व गॅमेक्सिन यांसारखे पदार्थ मातींत पुष्कळ वर्षें टिकतात. कोणी म्हणतो, आम्हीं माती तपासून घेतली आहे. पण शेतासाठीं जी माती-तपासणी होते तींत सामू, क्षारता, नत्र, स्फुरद, पालाश एवढेंच कळतें. विषाचा अवशेष तींत कळत नाहीं, त्याची तपासणी वेगळी मागावी लागते व तिला खर्च अधिक येतो. सर्वांनीं ती करावी असें आम्ही म्हणत नाहीं. जेथें कालवाकालव होत असे त्या चार हात जागेची माती भाजीच्या वाफ्यास किंवा अंगणाच्या भरावास नेऊं नये, एवढें तर विनाखर्च करतां येतें.

विहीर पाडकामांत सर्वांत आधीं बुजते, कारण राडारोडा टाकण्यास आयता खड्डा मिळतो. सातबाऱ्याच्या पीकपाहणींत जलसिंचनाचें साधन म्हणून तिची नोंद असते, आणि सामाईक असेल तर हिस्सेदारांचे हक्क इतर अधिकारांत असतात. ते पाहिल्याशिवाय तिला हात लावूं नये हा महसुली भाग झाला. दुसरा भाग असा कीं, विहीर म्हणजे भूजलांत उघडणारें तोंड आहे. तींत टाकलेलें तेल, औषध, पत्र्यांचे तुकडे हें सर्व शेजारच्या विहिरीस जाऊन मिळतें. बुजवावयाचीच असेल तर स्वच्छ दगड, वाळू व मुरूम यांनीं बुजवावी, वर चिकणमातीचा थर द्यावा, आणि तिची जागा नकाशावर नोंदवावी. न नोंदतां बुजविलेल्या विहिरीवर भिंत उभारली म्हणजे ती भिंत पांच-सहा पावसाळ्यांत आपणच विहिरीची जागा दाखविते.

कित्येक वर्षें न उपसलेल्या विहिरींत, शेणाच्या गॅसच्या टाकींत व संडासच्या टाकींत उतरणें हें साक्षात् मरण आहे. जुने लोक विहिरींत कंदील सोडून पाहत. विझला तर उतरूं नये. हा ठोकताळा अर्धाच खरा. कंदील विझला तर हवा नाहीं हें खरें, पण तो जळत राहिला म्हणून विषारी वायु नाहीं असें ठरत नाहीं, आणि गॅसच्या टाकींत तर ज्योत नेतांच भडका उडेल. कुजक्या अंड्याचा वास येणारा वायु थोडा असतां नाकास कळतो, फार झाला म्हणजे नाकच बधिर होतें आणि माणूस समजतो कीं वास गेला. एक पडला म्हणून दुसरा वांचविण्यास उतरतो, दुसऱ्यामागें तिसरा. अशीं एकाच घरचीं माणसें गेल्याच्या वार्ता आपण दरसाल वाचतों. टाकी यंत्रानें उपसून घ्यावी, झांकण काढून पुष्कळ दिवस उघडी ठेवावी, भोंवतीं कुंपण करावें, आणि आंत कोणासही उतरवूं नये. संडासच्या टाकींत साधनांवांचून माणूस उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हाही आहे.

ज्याविषयीं कोणीच बोलत नाहीं अशी एक गोष्ट आतां सांगतों. शेतकऱ्याच्या वाड्यांत जनावरें मरतात आणि पुरलीं जातात. म्हातारपणानें मेलेला बैल पुरला असेल तर काळजीचें कारण नाहीं. पण फाशीनें, ज्यास माणसांत काळपुळी म्हणतात त्या रोगानें मेलेलें जनावर जेथें पुरलें तेथें त्या रोगाचीं बीजें मातींत कित्येक दशकें जिवंत राहतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ ग्रुइनार्ड नांवाचें लहानसें बेट आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२-४३ सालीं, इंग्रज सरकारनें तेथें मेंढ्यांवर या रोगाचे प्रयोग केले. त्यानंतर सुमारें पन्नास वर्षें त्या बेटावर पाय ठेवण्याची बंदी होती. १९८६ सालीं २८० टन फॉर्मल्डिहाइड समुद्राच्या पाण्यांत मिसळून जमिनीवर शिंपडावें लागलें, तेव्हां कोठें १९९० सालीं बेट मोकळें झालें. सायबेरियांत यामाल प्रांतीं २०१६ च्या उन्हाळ्यांत गोठलेली जमीन वितळली, हा रोग उसळला, हजारों रेनडियर मेले व एक मुलगाही गेला. बहुत वर्षांपूर्वींचीं मेलेलीं जनावरें त्या जमिनींत होतीं. आपली जमीन गोठत नाहीं, पण जेथें कोणीं खणलें नाहीं तेथें ती शांत राहते, आणि आज खणणारें यंत्र एका दिवसांत दोन पुरुष खोल जातें. खणतांना हाडें लागलीं तर काम थांबवावें, हाडांस हात लावूं नये, कुत्र्यांस जाऊं देऊं नये, आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास बोलवावें. हाडें भंगारांत विकण्याचा उद्योग तर बिलकूल करूं नये.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत सांगतों. वीज तोडल्याचा दाखला हातीं येईपर्यंत भिंतीस हात लावूं नये. पंपाची जुनी तार कित्येकदां मीटर गेल्यावरही जिवंत असते. पंपघरांतील डिझेल व काळें तेल वेगळें भरून घ्यावें. तुळयांना व दारांना वाळवीसाठीं फांसलेलें इंजिनाचें तेल, किंवा जुना तेलरंग, ज्यांत शिसें असतें, असलेलीं लांकडें चुलींत घालूं नयेत. अशा धुराचा त्रास चुलीपुढें बसणाऱ्या बाईस व मुलांस प्रथम होतो. फुटलेल्या ट्यूबलाइटींत पारा असतो. माळ्यावर वटवाघळांची विष्ठा सांचलेली असेल तर ती कोरडी झाडूं नये. आग्यामोहोळ आणि साप यांविषयीं शेतकऱ्यास आम्हीं काय सांगावें!

राडारोडा कोठें जातो हें पाहणें हें मालकाचें काम आहे, ठेकेदाराचें नव्हे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनीं तो वेगवेगळा करून ठेवण्याची जबाबदारी निर्माण करणाऱ्यावर घातली, आणि २०२५ सालीं, १ एप्रिल २०२६ पासून लागू व्हावयाचे नवे नियम प्रसिद्ध झाले. आपल्या भागांत मात्र रात्रीं गाडी येते व पहांटे खाडीच्या कांठीं ढीग दिसतो. तिवरांवर भर टाकणें हा अपराध आहे. मुंबई उच्च न्यायालयानें १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालांत तिवरांचा नाश थांबविण्याचें कर्तव्य सरकारवर स्पष्ट शब्दांत घातलें. पण कायदा बाजूस ठेवला तरी, ज्यांच्या बापजाद्यांनीं तळहाताच्या फोडाप्रमाणें बांध जपले, त्यांच्याच घराच्या विटांनीं उघाडीचें तोंड बुजावें आणि पावसाळ्यांत वरच्या गांवांत पाणी शिरावें, हें आम्हांस फार लागतें.

दुसरा पंचनामा लिहावा कसा, तर सरकारी पंचनाम्यासारखाच. सर्व्हे नंबर, चतुःसीमा, तारीख. नंतर हातानें काढलेला घराचा व वाड्याचा नकाशा. त्यावर छप्पर, माळा, वखार, औषध कालविण्याची जागा, विहीर, टाक्या, पंपघर, जनावरें पुरल्याची जागा हीं खुणेनें दाखवावीं. दर जागेपुढें काय आढळलें, तें कोणीं काढलें, कोठें गेलें व कोणत्या दिवशीं, हें लिहावें, छायाचित्रें जोडावीं. प्रत ठेकेदारास देऊन त्याची सही घ्यावी, आणि हीं कामें पुरीं झाल्याशिवाय यंत्र आंत येऊं देऊं नये, असें करारांतच लिहावें. दोन-तीन दिवस जातात. ठेकेदार कुरकुरतो. कुरकुरूं द्यावें.

पंच निवडतांना मात्र सरकारी रीत सोडावी. आम्ही नोकरींत असतांना पंच म्हणजे गांवांतील दोन वजनदार पुरुष. या कामास ते निरुपयोगी. येथें पंच हवेत ते घरची सर्वांत वृद्ध बाई, जुना गडी, आणि पंप दुरुस्त करणारा. गेल्या वर्षीं पनवेल तालुक्यांतील एका गांवीं आमच्या स्नेह्यांच्या वाड्याचा पंचनामा केला. मालक व त्यांचे दोघे बंधु यांनीं सर्व वाडा फिरून दाखविला आणि जनावरें कोठेंही पुरलेलीं नाहींत असें ठामपणें सांगितलें. नव्या घराचा पाया आंब्याच्या पूर्वेस आंखलेला, चुन्याच्या रेघा पडलेल्या, यंत्र रस्त्यावर उभें. त्यांच्या आई ओटीवर बसून भाजी निवडीत होत्या. त्यांस कोणीं विचारलेंच नव्हतें. आम्हीं जवळ जाऊन "आजी, तुमच्या आठवणींत काय आहे?" असें विचारलें. त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या, मग काठी घेऊन उठल्या, आणि चुन्याच्या रेघेच्या आंत सात-आठ पावलें जाऊन काठी टेंकून उभ्या राहिल्या. त्या लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्या वर्षीं ऐन लावणींत घरचे दोन बैल एका रात्रींत गेले होते; नाकातोंडांतून काळें रक्त वाहत होतें, आणि सासऱ्यांनीं कातडेंही न काढतां ते तेथें पुरले. मुलांस सांगितलें नव्हतें, कारण कोणीं विचारलें नव्हतें.

आम्हीं नकाशावर त्या जागीं खूण केली व पंच म्हणून आजींचा अंगठा घेतला. पाया बारा हात उत्तरेस सरकविण्यांत आला. त्या जागेभोंवतीं दगड लावले असून आतां तेथें तुळशीवृंदावन आहे.